बुडालेल्या जहाजांचा हिशेब

दोन हजार वर्षांपूर्वी कुठल्या बंदरातून किती माल गेला, हे स्टॅट्स वापरून शोधणं हासुद्धा एक जॉब आहे. त्यासाठी इतिहास लागतो, कोडिंग लागतं आणि अर्धवट माहितीवर झोप न उडवण्याची सवय लागते.

‘इतिहास घेतलायस? म्हणजे एमपीएससी करणार तर!’ हे वाक्य तुमच्यापैकी किती जणांनी लग्नाच्या पंगतीत ऐकलंय? स्टॅटिस्टिक्सवाल्यांच्या वाट्याला दुसरं वाक्य येतं, ‘मग पुढे बँक का इन्शुरन्स?’ नातेवाइकांच्या डोक्यात प्रत्येक विषयापुढे एक-दोनच दारं असतात. आज ज्या दाराबद्दल सांगणार आहे ते त्यांच्या यादीत नाही. दार अरुंद आहे, आणि आत शिरल्यावर मिळणाऱ्या पगाराचा आकडा ऐकून काकांच्या भुवया काही उंचावणार नाहीत. पण आत चालणारं काम भन्नाट आहे.

काम असं. दोन हजार, कधी साडेतीन हजार वर्षांपूर्वी समुद्रावरून कोण कुणाशी व्यापार करत होतं, ते जाळं कसं वाढलं आणि कशानं तुटलं, याचं मॉडेल बनवायचं. हातात काय असतं? खापरं, फुटक्या बरण्या, समुद्राच्या तळाशी पडलेली जहाजं. आणि काय नसतं? इनव्हॉइस, कस्टमचं रजिस्टर, गोदामातली वही. क्वचित एखादा कागद नशिबानं वाचतो. व्हिएन्नाच्या ग्रंथालयात दुसऱ्या शतकातला एक पपायरस आहे. त्यात केरळच्या किनाऱ्यावरच्या मुझिरिस बंदराशी चालणाऱ्या व्यापाराचा करार आहे आणि ‘हर्मापोलोन’ नावाच्या जहाजावरच्या मालाची मोजदाद आहे. पण अशी चिठ्ठी एखादीच. बाकी शेकडो वर्षांच्या फेऱ्यांमागे अक्षरही उरलेलं नाही.

तरीही या मंडळींना ‘किती’ या प्रश्नाचं उत्तर हवं असतं. खरी गंमत तिथे सुरू होते.

एक आलेख आणि दुधाच्या बाटल्या

१९९२ साली ए. जे. पार्कर या ब्रिटिश पुरातत्त्व अभ्यासकानं एक जाडजूड यादी छापली. भूमध्य समुद्रात आणि रोमन प्रांतांत सापडलेली प्राचीन बुडालेली जहाजं, सुमारे बाराशे. प्रत्येकाची जागा, अंदाजे काळ, आत काय माल होता ते. आता बाराशे नोंदींची यादी समोर आली की स्टॅट्सवाला माणूस पहिली गोष्ट कुठली करेल? शतकानुसार मोजेल आणि आलेख काढेल. तसा तो काढला गेला, आणि दिसला एखाद्या डोंगरासारखा. इसवी सनाच्या आधीच्या दोन शतकांत चढ, सनाच्या सुरुवातीच्या आसपास शिखर आणि मग उतार. रोमन अर्थव्यवस्थेचा उदय आणि अस्त एका चित्रात! अनेकांनी तो आलेख आपल्या पुस्तकांत वापरला. मोहच तसा आहे.

पण तुम्ही या जॉबवर असाल तर तुमचं पहिलं काम या डोंगरावर संशय घेणं. उगाच नाही. या आलेखात व्यापाराव्यतिरिक्त निदान तीन गोष्टी मिसळल्या आहेत.

पहिली, जहाजं शोधली कुणी? १९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां यांनी ॲक्वालंग तयार केलं आणि पाठीवर सिलिंडर बांधून माणूस आरामात पाण्याखाली फिरू लागला. हा शौक आधी फ्रान्स, इटली, स्पेनच्या किनाऱ्यांवर पसरला. साहजिकच तिथे जहाजं भरपूर सापडली. उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तेवढे डायव्हर उतरले नाहीत, त्यामुळे तिथल्या नकाशावर ठिपके कमी. म्हणजे हा नकाशा अंशतः रोमन जहाजांचा आणि अंशतः विसाव्या शतकातल्या लोकांनी सुट्टी कुठे घालवली त्याचा आहे.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते. समुद्रतळावर जहाज ‘दिसतं’ ते बहुतेकदा अँफोरांमुळे. अँफोरा म्हणजे दोन कानांची, निमुळत्या बुडाची उंच मातीची बरणी. दारू, तेल, माशांचा रस्सा, सगळं त्यातून जायचं. लाकूड कुजतं, माती कुजत नाही. शेकडो बरण्यांचा ढीग तळाशी पडून राहतो आणि त्याच्या वजनाखाली दबलेलं थोडंफार लाकूडही टिकतं. पण जहाजात पोत्यांत भरलेलं धान्य असेल, कापड असेल, विकायला नेलेली माणसं असतील, तर? काहीच उरत नाही. आणि रोमन साम्राज्याच्या काळात हळूहळू बरणीच्या जागी लाकडी पिंप आलं. हलकं, गडगडवत नेता येणारं आणि आपल्या दृष्टीनं वाईट म्हणजे कुजणारं. ऑक्सफर्डचे अँड्र्यू विल्सन यांनी हा मुद्दा ठासून मांडलाय. शिखरानंतरचा उतार व्यापार घटल्याचा आहे, की पॅकिंग बदलल्याचा?

मुंबईतल्या वाचकांनी घरी आजीला विचारावं. आरेचं दूध काचेच्या बाटलीतून यायचं, नंतर प्लास्टिकच्या पिशव्या आल्या. समजा, दोन हजार वर्षांनी कुणी फक्त काचा मोजल्या, तर त्याला वाटेल की विसाव्या शतकाच्या शेवटी मुंबईकरांनी दूध पिणंच सोडलं.

तिसरी गोष्ट निव्वळ गणिताची. जहाजाचा काळ कधीच ‘इ.स. ४७, मंगळवार’ असा येत नाही. ‘इ.स.पू. १०० ते इ.स. १००’ असा येतो. हे जहाज कुठल्या शतकात मोजणार? एक पद्धत म्हणजे मधला आकडा धरायचा. पण मग अशी सगळी ढोबळ जहाजं एकाच ठिकाणी जमा होतात आणि नसलेलं शिखर तयार होतं. दुसरी पद्धत म्हणजे जहाजाचे तुकडे करायचे, अर्थात कागदावर. दोनशे वर्षांचा पल्ला असेल तर दर वर्षाला एक भागिले दोनशे एवढी शक्यता. अशा बाराशे शक्यतांची बेरीज करायची. विल्सन यांनी हीच वाट धरली आणि डोंगराचा आकार बदलला. डेटा तोच, नोंदी त्याच. फक्त ‘माहीत नाही’ हे आकड्यात प्रामाणिकपणे लिहिलं एवढंच. स्टॅट्सच्या वर्गात युनिफॉर्म डिस्ट्रिब्यूशन शिकताना ‘हे कुठे वापरणार?’ असं कुजबुजणाऱ्या बाकावर मीही बसले आहे, म्हणून मुद्दाम सांगतेय.

बाजार की मार्केट?

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, मग हा जॉब म्हणजे दुसऱ्यांच्या आलेखांवर पाणी ओतण्याचा. तसं असतं तर मी एवढं लिहिलंच नसतं. या कामाची दुसरी बाजू म्हणजे जुनं भांडण तपासता येईल अशा रूपात आणणं.

भांडण असं. २००८ साली पीटर बँग या डॅनिश इतिहासकारानं ‘द रोमन बझार’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यानं रोमची तुलना केली, कुणाशी माहितीये? आपल्या मुघल साम्राज्याशी. त्याचं म्हणणं, रोमन व्यापार हा खऱ्या अर्थानं ‘बाजार’ होता. माहिती तुटक, प्रत्येक शहरातले व्यापारी आपापल्या ओळखीपाळखीच्या वर्तुळात, पलीकडे काय भाव चाललाय याची धड खबर नाही. उलट बाजूला पीटर टेमिन. हे एमआयटीतले अर्थशास्त्रज्ञ. २०१३च्या ‘द रोमन मार्केट इकॉनॉमी’ या पुस्तकात त्यांनी मांडलं की रोमन काळात भूमध्य समुद्राभोवतालचे बाजार एकमेकांशी जोडलेले होते, एका ठिकाणच्या मागणी-पुरवठ्याचा परिणाम दुसरीकडे जाणवायचा. दोघंही विद्वान, दोघांकडे पुरावे. असं भांडण वर्षानुवर्षं चालू शकतं, आणि इतिहासात ते चालतंही.

टॉम ब्रुगमन्स आणि येरून पोब्लोम या दोघा पुरातत्त्व अभ्यासकांनी २०१६ साली या भांडणात कॉम्प्युटर आणला. त्यांच्याकडे खापरं होती, पूर्व भूमध्य भागातल्या लाल चकचकीत ताटवाट्यांची. ही भांडी चार प्रमुख घराण्यांची. अभ्यासक त्यांना ईस्टर्न सिजिलाटा ए, बी, सी, डी म्हणतात. प्रत्येकाचा उगम वेगळ्या भागात. मजा अशी, की यांतली ‘ए’ घराण्याची भांडी एका काळात दूरदूरच्या कितीतरी गावांत सापडतात आणि इतर काही मोजक्याच ठिकाणी. हा फरक कसा पडला?

त्यांनी काय केलं ते आपल्या भाषेत सांगते. परीक्षेच्या आधी कॅम्पसमध्ये नोट्स कशा फिरतात आठवा. समजा चार टॉपर आहेत, चार होस्टेलमध्ये. प्रत्येकाच्या नोट्सची झेरॉक्स निघते आणि हातोहात फिरते. परीक्षा संपल्यावर तुम्ही सगळ्या होस्टेलचे कचऱ्याचे डबे तपासता आणि कुठल्या टॉपरची पानं किती होस्टेलांत सापडली ते मोजता. तुमच्याकडे तेवढाच पुरावा. कोण कुणाचा मित्र होता, कुणी कुणाला पेन ड्राइव्ह दिला, हे कळायचा मार्ग नाही.

आता दोन शक्यता. एक, प्रत्येक होस्टेलचा ग्रुप बंदिस्त आहे, बाहेर एखाद-दुसरीच ओळख. अशा वेळी चारही टॉपरांच्या नोट्स आपापल्या परिसरातच घुटमळतील. दोन, होस्टेलांमध्ये भरपूर मैत्र्या आहेत. मग एखाद्याच्या नोट्स सगळीकडे पोचतील आणि एखाद्याच्या जेमतेम शेजारच्या इमारतीत. यांतलं कुठलं चित्र कचऱ्याच्या डब्यांशी जुळतं?

ब्रुगमन्स-पोब्लोम यांच्या मॉडेलमध्ये विद्यार्थ्यांच्या जागी व्यापारी आहेत आणि होस्टेलांच्या जागी बाजारपेठा. प्रत्येक व्यापाऱ्याला फक्त आपल्या ओळखीच्या व्यापाऱ्यांकडचा माल आणि मागणी दिसते, त्यावरून तो किंमत ठरवतो, घेतो, विकतो किंवा पुढच्या फेरीसाठी साठवतो. विकलेलं भांडं त्या गावात ‘पुरलं’ जातं. अशा प्रकाराला एजंट-बेस्ड मॉडेल म्हणतात. मग एकच खुंटी पिळायची, गावागावांमधल्या ओळखी किती. कमी ठेवून मॉडेल चालवा, जास्त ठेवून चालवा, पुन्हा पुन्हा चालवा, कारण नशिबाचा भागही त्यात आहे. आणि दर वेळी तयार झालेल्या खोट्या खापरांची खऱ्या खापरांशी तुलना करा.

निकाल? बाजार एकमेकांशी नीट जोडलेले असतील तेव्हाच खऱ्या पुराव्यातल्याइतका मोठा फरक मॉडेलमध्ये निघाला, आणि कुठल्या केंद्रात उत्पादन किती यानंही त्यात भर घातली. म्हणजे ताटवाट्यांच्या बाबतीत तरी बँग यांची बंदिस्त वर्तुळांची कल्पना अडचणीत आली.

‘ताटवाट्यांच्या बाबतीत तरी’ हे शब्द मी पदरचे घातलेले नाहीत, ते या धंद्याचे आहेत. मॉडेल जुळलं म्हणून इतिहास तसाच घडला हे सिद्ध होत नाही. वेगळ्या रस्त्यांनीही त्याच मुक्कामाला पोचता येतं. मॉडेल जुळलं नाही, तर मात्र ती गोष्ट निदान त्या रूपात खपवता येत नाही. माझ्या मते या कामाची खरी ताकद ती आहे. अमुक घडलं असेल असं कुणीही म्हणतो. अमुक असं घडणं कठीण आहे, असं आकड्यांनी म्हणायला धमक लागते. आणि मॉडेलचा कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला की समोरच्यानं येऊन चुका काढाव्यात याचं आमंत्रणच असतं. २०२०मध्ये सिमोन कारिन्यों, ब्रुगमन्स आणि इझा रोमानोव्स्का यांनी याच पूर्वेकडच्या भांड्यांवर बेझियन पद्धतीनं पुन्हा काम केलं. एका पेपरनं विषय मिटला, असं इथे होत नाही.

दादर बंद पडलं तर?

फिजिक्सवाल्यांनी पान उलटू नये, तुमचा नंबर आत्ता येतोय.

ग्रीसचं सँटोरिनी बेट रीळांमुळे सगळ्यांना माहीत आहे, पांढरी घरं आणि निळे घुमट. त्याचं जुनं नाव थेरा. इ.स.पू. सतराव्या-सोळाव्या शतकाच्या सुमारास तिथे ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला आणि अक्रोतिरी हे गजबजलेलं बंदर राखेखाली गाडलं गेलं. दक्षिणेला, साधारण शंभर-सव्वाशे किलोमीटरवर क्रीट बेट, तिथे मिनोअन संस्कृतीचे मोठमोठे राजवाडे. थेरा हे क्रीटच्या उत्तरेकडच्या वाटेवरचं बंदर. ते नाहीसं झाल्यावर क्रीट कोसळायला हवं. पण पुरावा सांगतो की क्रीटमध्ये पुढे काही पिढ्या बरं चाललं होतं. मग राजवाडे पडले. ज्वालामुखीचा आणि या पडझडीचा संबंध आहे की नाही?

पुरातत्त्व अभ्यासक कार्ल नॅपेट यांनी हा प्रश्न लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या दोन भौतिकशास्त्रज्ञांबरोबर सोडवायला घेतला, टिम इव्हान्स आणि रे रिव्हर्स. त्यांच्या मॉडेलचं नाव ‘अरिअ‍ॅडनी’. बेटांवरच्या वस्त्या म्हणजे ठिपके, समुद्रमार्ग म्हणजे रेघा. प्रत्येक रेघेतून फायदा मिळतो आणि ती टिकवायला खर्चही येतो, जहाजं, माणसं, वेळ. शिडाच्या जहाजाला सहज झेपणारं अंतर एका टप्प्यात साधारण शंभर किलोमीटर धरलं, त्यापलीकडे रेघ महाग. मग स्टॅटिस्टिकल फिजिक्समधल्या रीतीनं फायदा आणि खर्च यांचा मेळ बसवणारी जाळी शोधायची.

२०११मध्ये त्यांनी या जाळ्यातून थेराचा ठिपका पुसून टाकला. जाळं लगेच फाटलं नाही. उरलेल्या वस्त्यांनी आपसातली देवाणघेवाण वाढवून भागवलं. पण आता प्रत्येक फेरी लांबची आणि खर्चाची. खर्च वाढत गेला तसे मार्ग एकेक करून बंद पडत गेले आणि शेवटी जाळं कोसळलं. स्फोट आणि पडझड यांच्यामध्ये पिढ्यांचं अंतर असूनही दोन्हींचा संबंध असू शकतो, हे या मॉडेलनं दाखवलं. ‘असू शकतो’, बरं का.

लोकलनं कॉलेज गाठणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरजच नाही. उद्या दादर स्टेशन बंद झालं तर पहिल्या दिवशी मुंबई थांबणार नाही. लोक कुर्ल्यावरून, बसनं, शेअर टॅक्सीनं जातील. गर्दी उलट जास्त दिसेल. पण सहा महिन्यांनी किती जण नोकरी बदलतील, किती जण क्लास सोडतील, तो हिशेब वेगळा.

कल्याणचं कोडं

आता थोडं घरी येऊ, कारण मॉडेलला काय कळत नाही हे आपल्या किनाऱ्याइतकं छान कुठेच दिसत नाही.

पहिल्या शतकात इजिप्तकडच्या एका अनामिक माणसानं ग्रीक भाषेत समुद्री व्यापाराची मार्गदर्शिका लिहिली, ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’. त्यात आपली सोपारा, कल्याण, चौल ही बंदरं येतात. पैठण आणि तेर ही आतली शहरंही येतात. भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, त्याच्या पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तेर, आणि तिथला माल गाड्यांतून भडोचला जातो, असं हा माणूस लिहितो.

आता नकाशा उघडा. पैठणहून समुद्र गाठायचा तर जुन्नरवरून नाणेघाट उतरून कल्याण कितीतरी जवळ. अंतर आणि खर्च एवढंच जाणणारं कुठलंही मॉडेल पैठणचा माल मुकाट कल्याणला पाठवेल. मग प्रत्यक्षात गाड्या भडोचला का जात होत्या? उत्तर त्याच पुस्तकात आहे. कल्याण पूर्वी रीतसर व्यापारी बंदर होतं, पण सत्ता बदलल्यावर तिथे अडथळे आले आणि चुकून एखादं ग्रीक जहाज तिथे लागलंच, तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेलं जाई. क्षत्रप आणि सातवाहन यांच्यातल्या रस्सीखेचीचा हा काळ. थोडक्यात, राजकारण.

मॉडेलला अंतर कळतं, राजाची मर्जी कळत नाही. पण मॉडेल चालवलं नसतं, तर इथे काहीतरी खटकण्यासारखं आहे हेही आकड्यांत दिसलं नसतं. गणित काय म्हणतं आणि पुरावा काय म्हणतो, यांच्यातली फट मोठी दिसली की तिथेच खणायचं. स्टॅट्सवाले या फटीला रेसिड्युअल म्हणतात आणि परीक्षेत तो शून्याच्या जवळ आला की खूश होतात. इथे मात्र तो मोठा आला की खुर्चीत सरसावून बसायचं.

भूमध्य समुद्रासाठी चालणारी रीत इकडे जशीच्या तशी चालत नाही, हेही सांगायला हवं. तिथे बाराशेंच्या वर जहाजं. हिंदी महासागरात सापडलेलं सर्वांत जुनं जहाज श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्याजवळ गोडवाया इथे आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं, आणि त्या काळातलं दुसरं नाव घ्यायचं तर विचार करावा लागतो. एका-दोन जहाजांवर आलेख निघत नाही. पुढे कुणी आपल्या किनाऱ्याचं मॉडेल बनवलं, तर त्याला खापरं, नाणी, शिलालेख, लेण्यांतली दानं आणि मान्सूनचं वेळापत्रक असं सगळं एकत्र गुंफावं लागेल. काम पडलेलं आहे, एवढं नक्की.

मग जॉबचं काय?

खरं ते सांगते. ‘प्राचीन सागरी व्यापार मॉडेलर’ अशी जाहिरात तुम्हाला कुठल्याही जॉब पोर्टलवर दिसणार नाही. हे काम मिळतं ते रिसर्च प्रोजेक्टमधून. युरोपियन रिसर्च कौन्सिलसारखी संस्था पैसे देते, एखादं विद्यापीठ टीम बांधतं. त्यात पुरातत्त्व, इतिहास, फिजिक्स, कॉम्प्युटर असे वेगवेगळे लोक घेतले जातात. बार्सिलोनात ‘ईपीनेट’ हा प्रोजेक्ट असाच होता. रोममध्ये मोंते तेस्ताच्यो नावाची एक टेकडी आहे, फक्त फुटक्या बरण्यांची, सुमारे पस्तीस मीटर उंच. त्यांतल्या बहुतेक बरण्या स्पेनहून आलेल्या ऑलिव्ह तेलाच्या, आणि त्यांच्यावर शिक्के आहेत. ते शिक्के आणि आकडेवारी यांची सांगड घालायची हे या टीमचं काम. डेन्मार्कच्या ऑरहूस विद्यापीठातही असं काम चालतं, ब्रुगमन्स आता तिथेच असतात.

करार बहुतेक दोन-तीन वर्षांचे. प्रोजेक्ट संपला की नवीन शोधा, कदाचित नव्या देशात. घरच्यांना ‘पर्मनंट आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर बरीच वर्षं देता येणार नाही, आणि पीएचडीशिवाय पुढे सरकणं अवघड. मधेच हे सोडावं लागलं तरी नेटवर्क ॲनालिसिस, सिम्युलेशन, खराब डेटा हाताळणं ही कामं साथीच्या रोगांपासून सप्लाय चेनपर्यंत सगळीकडे लागतात, त्यामुळे उपाशी राहण्याची भीती नाही. पण त्याच भरवशावर या वाटेला जायचं असेल, तर सरळ डेटा सायन्स करा. तिथे पैसे जास्त आहेत.

आणि ग्लॅमरही विसरा. दिवसाचा मोठा भाग साफसफाईत जातो. एकच गाव तीन अहवालांत तीन स्पेलिंगनं, एकच खापर दोन यादीत, ‘पहिलं शतक’ म्हणजे सनाआधीचं की नंतरचं ते लिहिलेलंच नाही. प्राचीन ठिकाणांना प्रत्येकी एक नंबर देणारी ‘प्लायडीज’ ही मोफत यादी या लोकांना देवासारखी वाटते ती उगाच नाही. खापरांची भाषा शिकावी लागते, निदान पुरातत्त्ववाला काय म्हणतोय हे कळण्याइतकी. पुरातत्त्व शिकायचंच असेल तर पुण्यातलं डेक्कन कॉलेज आपल्या दारात आहे. उलट बाजूनं, इतिहासवाल्यांना आर किंवा पायथन यांपैकी एक, नकाशांसाठी क्यूजीआयएस आणि संभाव्यतेचं गणित शिकावं लागेल. ‘मला मॅथ्स जमत नाही’ हे वाक्य बारावीत चाललं, इथे चालणार नाही.

आधी खेळून बघायचं असेल तर पैसे लागत नाहीत. स्टॅनफर्डचे वॉल्टर शायडल आणि एलायजा मीक्स यांनी २०१२मध्ये ‘ऑर्बिस’ हे रोमन जगाचं प्रवास मॉडेल खुलं केलं. सहाशेहून अधिक ठिकाणं, रस्ते, नद्या, समुद्रमार्ग. महिना निवडा, घाई आहे की पैसे वाचवायचेत ते सांगा, आणि रोम ते अलेक्झांड्रिया जाऊन बघा. मग उलटं या. वारा विरुद्ध असला की काय होतं ते दिवसांच्या आकड्यातच दिसेल. भाड्याचे दर सम्राट डायोक्लेशियननं इ.स. ३०१ साली काढलेल्या दरपत्रकावरून घेतलेत. एजंट-बेस्ड मॉडेल स्वतः बनवायचं असेल तर रोमानोव्स्का, रेन आणि क्रॅबट्री यांचं २०२१चं पाठ्यपुस्तक मोफत आहे, त्यात नेटलोगो हे सॉफ्टवेअर अगदी पहिल्या पायरीपासून शिकवलंय. कोडिंग न केलेल्यांनाही जमेल असं.

आणि या वीकेंडला खरंच काही करायचं असेल तर ऑक्सफर्डच्या रोमन अर्थव्यवस्था प्रकल्पाचा जहाजांचा डेटाबेस उघडा. २०१३ची आवृत्ती आहे, पार्करच्या यादीत पुढे भर घालून केलेली. प्रत्येक जहाजापुढे काळाचे दोन आकडे दिसतील, लवकरात लवकर आणि उशिरात उशिरा. एक आलेख मधला आकडा धरून काढा, दुसरा शक्यता वाटून. मग फक्त फ्रान्स, इटली, स्पेन वगळून तिसरा. तिन्ही शेजारी ठेवा आणि इतिहासवाल्या मैत्रिणीला कँटीनमध्ये बोलावून घ्या. चहाचे पैसे तुम्ही द्या, कारण तिथून पुढचं तिला जास्त माहीत असणार आहे.